वाहक, संकेत आणि पाठभेद

डहाणू आणि तलासरी ही नावे मराठीच्या वाचकाला दोन वाटांनी ठाऊक झालेली आहेत. पहिली वाट गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकाची. झरीची सभा, वेठबिगारी आणि १९४५ चा वारल्यांचा उठाव आपल्या वर्गांत आला तो तिथून. दुसरी वाट गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चित्रांची. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकातली ही चित्रे कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. साहित्याच्या अध्यापकाला या भूभागाविषयी एवढे ठाऊक असले की चालते, अशी आमची समजूत होती. तिसरी एक वाट रक्तातून जाते. ती आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

त्या वाटेवर आम्ही आलो ते एका शब्दामुळे. आम्ही त्या भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी असे तिचे संकल्पित रूप. पुढच्या वर्षी पाऊस उलगडल्यावर महाविद्यालयातही तपासणी शिबिर झाले. बोटातून थेंब घ्यायचा, द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ झाले तर पुढच्या तपासणीला पाठवायचे. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी पंधरा दिवसांनी कागद घेऊन आमच्याकडे आली. कागदावर तिच्या नावापुढे एकच शब्द होता. ती म्हणाली, "सर, वाहक म्हणजे एसटीत तिकीट फाडतो तोच ना?"

आम्हांला हसू आले आणि लगेच ओसरले. कारण प्रश्न विनोदाचा नव्हता. एसटीच्या प्रत्येक गाडीत 'चालक' आणि 'वाहक' हे दोन शब्द वाचत मोठ्या झालेल्या मुलीला तिसरा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. तिचे लग्न ठरत आले होते. मुलगा उमरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, त्याच्या घरी कागदाची वार्ता पोहोचली होती, आणि तिथे त्या शब्दाचा चौथाच अर्थ लावला गेला होता: रक्त खराब आहे. तिला आमच्याकडून औषध नको होते, डॉक्टरांचा सल्लाही तिने घेतला होता. तिला आजीला आणि होणाऱ्या सासरी सांगता येईल असे मराठी हवे होते. मराठी हा आमचा विषय. तेव्हा ती योग्य दारी आली होती, असे म्हणायला हरकत नाही.

पहिला टप्पा सोपा होता. रक्तातले हिमोग्लोबिन हे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एका ओळीत गुंफलेली माळ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने दाखवले. १४६ मणी, त्यांतला एक निराळा. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून निराळी प्रत आली तर प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. वेदना, पंडुरोग, जंतुसंसर्ग यांत आयुष्य झिजते. हा आजार. एकाच बाजूने निराळी प्रत आली तर माणूस सामान्यतः निरोगी असतो, तो वाहक. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक. वाहक आणि निर्दोष प्रतींचा जोडीदार यांच्या पोटी आजारी मूल होत नाही. निम्मी शक्यता वाहक होण्याची, निम्मी नसण्याची. मुलाची तपासणी झाली असती तर प्रश्न एका दिवसात मिटण्यासारखा होता. पण तपासणी मुलीची होते आणि मुलाकडचे ऐकतात, ही रीत पाड्यावर जशी आहे तशी पुण्यातही आहे.

'एक मणी निराळा' हे वाक्य फळ्यावर लिहिताना आम्हांला आपल्या शास्त्रातला एक जुना शब्द आठवला. हस्तलिखितांच्या दोन प्रतींत एखादे अक्षर वेगळे निघाले तर संपादक त्याला चटकन चूक म्हणत नाही. तो 'पाठभेद' म्हणून नोंदवतो. आणि अर्थ पुरता बिघडतो असे सिद्ध झाले तरच 'अपपाठ' म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर काम केलेल्या माणसाला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. मग प्रश्न असा पडला, की हा सहावा मणी काय आहे? अपपाठ असता तर हजारो वर्षांच्या लेखनक्रमात तो पुसून जायला हवा होता. कारण दोन प्रती जुळलेली मुले जगत नसत. तो पुसला गेला नाही. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमान आणि कटबुश यांना आढळला. पुढे मध्य भारताच्या, गुजरातच्या, महाराष्ट्राच्या कितीतरी समाजांत सापडला. कुणाच्या तरी उपयोगी पडल्याशिवाय असा पाठ टिकत नाही.

तो कशामुळे टिकला याचे उत्तर अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिले: हिवताप. ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या मुले नेली, तिथे एक निराळी प्रत बाळगणारी मुले तगली. डहाणू-तलासरीचा डोंगर, पावसाळी ओढे, भातखाचरे आणि हिवताप यांचे नाते वेगळे सांगायला नको. 'आदिवासींचा आजार' हा शब्दप्रयोग म्हणूनच आम्हांला खटकतो. तो हिवतापाच्या नकाशाचा आजार आहे. नकाशावर कुणाला राहावे लागले, हा इतिहासाचा प्रश्न.

पण संरक्षण मिळते ते कसे? इथे आम्ही अडलो, आणि विज्ञान विभागातल्या सहकाऱ्यांची पुस्तके उचलून आणली. त्या पुस्तकांत जे निघाले त्यासाठीच खरे तर हा लेख. पेशी ही आम्ही शाळेत शिकलो तशी द्रवाने भरलेली पिशवी नाही. तिच्यात खोल्या आहेत: केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल. प्रत्येक खोलीला पटलाची भिंत, आणि प्रत्येक खोलीत वेगळी प्रथिने. प्रथिने मात्र बहुतेक एकाच ठिकाणी, पेशीद्रवात, रायबोसोमवर तयार होऊ लागतात. मग स्वादुपिंडातले इन्सुलिन रक्तात आणि पचवणारी विकरे लयकारिकेत नेमकी कशी जातात? कोण सांगते?

जॉर्ज पॅलाडीने साठच्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल क्षणभर चारले आणि पुढे दर काही मिनिटांनी ती खूण कुठे पोहोचली ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आधी आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्जी, मग पेशीच्या टोकाशी साठलेले कण, मग बाहेर. गाव सोडून निघालेल्या माणसाचा माग काढावा तसा हा माग. १९७४ चे नोबेल त्यात आले. वाट कळली, वाट कोण दाखवतो हे कळले नव्हते. ग्युंटर ब्लोबेलने १९७१ मध्ये सहकारी साबातिनी यांच्यासह एक तर्क मांडला आणि १९७५ पर्यंत पुरावा गोळा केला: प्रथिनाच्या सुरुवातीलाच पंधरा ते तीस अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, तोच त्याची दिशा ठरवतो. तो रायबोसोममधून डोकावताच एक कण त्याला धरतो, अख्ख्या रायबोसोमला आंतर्द्रव्यजालिकेच्या दाराशी नेतो, साखळी आत ओवली जाते आणि आत गेल्यावर तो तुकडा कापून टाकला जातो. १९९९ चे नोबेल याला मिळाले. (हा ब्लोबेल १९४५ मध्ये आठ वर्षांचा होता, निर्वासित कुटुंबाबरोबर ड्रेस्डेनमधून गेला आणि काही दिवसांनी ते शहर जळताना त्याने दुरून आकाशातला उजेड पाहिला. नोबेलची रक्कम त्याने त्या शहरातले चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभारायला दिली. त्याच वर्षी झरीला वारली जमले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण साल वाचताना आम्ही थबकलो, हे नोंदवतो.)

त्या तुकड्याला ब्लोबेलने दिलेल्या नावाचे मराठी 'संकेत' असे होते, आणि तिथे आम्ही एकदम आपल्या अंगणात आलो. पाठ्यपुस्तके या तुकड्याला पत्ता म्हणतात, पिनकोड म्हणतात. ही उपमा आम्हांला अपुरी वाटते. पिनकोडचा एक आकडा चुकला तर पत्र भलतीकडे जाते. या संकेतांचे तसे नाही: दोन प्रथिनांचे संकेत अक्षराला अक्षर लावून पाहिले तर क्वचितच जुळतात. जुळतो तो गुण. मधली अमिनो आम्ले पाण्यापासून दूर राहणारी असली की पुरे. शिवाय एका सजीवाचा संकेत दुसऱ्याच्या पेशीतही बहुधा वाचला जातो. म्हणजे तो लिपीपेक्षा उच्चाराच्या जवळचा. काव्यशास्त्राने शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये 'संकेत' ठेवला तेव्हा हेच म्हटले होते, की अर्थ नुसत्या अक्षरांत नसतो. अक्षरे आणि ती ओळखणारा यांच्यातल्या समजुतीत असतो. मम्मटाला पेशी ठाऊक नव्हती, आणि ब्लोबेलने काव्यप्रकाश वाचला असण्याचे कारण नाही. आम्ही साम्य दाखवतो आहोत, अधिकार सांगत नाही.

वाटेवरच्या वाहनांची गोष्ट आणखी वेगळी आहे. एका खोलीतून दुसरीत प्रथिने जातात ती पटलाच्याच बुडबुड्यांत बसून. रँडी शेकमनने यीस्टच्या अशा जाती शोधल्या ज्यांत हे बुडबुडे वाटेतच साचून राहत, आणि त्यांवरून या वाहतुकीची २३ जनुके काढली. जेम्स रॉथमनने बुडबुडा योग्य पटलालाच कसा जुळतो ते उलगडले. थॉमस सूडहोफने चेतापेशीत तो नेमक्या क्षणी कसा रिकामा होतो ते दाखवले. २०१३ चे नोबेल तिघांत वाटले गेले. तपशील एवढा पुरे.

आता तांबडी पेशी. रक्तात येण्याआधी ती आपले केंद्रक बाहेर टाकते, मग तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी, सारेच टाकून देते. उरते हिमोग्लोबिनने ठासून भरलेली पिशवी. साधारण १२० दिवस फिरते आणि संपते. तिच्यात खोल्या नाहीत, म्हणून रस्तेही नाहीत. नवे प्रथिन करायचे नाही, तर पाठवायचे कुठे आणि काय? हिवतापाचा परजीवी नेमका अशा घरात शिरतो. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीला तिथे राहायचे तर एक अडचण असते: आजारी तांबडी पेशी प्लीहेतून गेली की गाळली जाते. ते टाळायचे तर पेशीने रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसले पाहिजे, आणि चिकटायला तिच्या बाहेरच्या अंगावर चिकट प्रथिन हवे. परजीवी ते प्रथिन स्वतःत तयार करतो, पण बाहेरच्या अंगापर्यंत न्यायचे कसे? मध्ये त्याचे स्वतःचे पटल, तो ज्या पोकळीत राहतो तिचे पटल, आणि पलीकडे रस्ता नसलेला तांबड्या पेशीचा मुलूख.

तेव्हा तो रस्ता बांधतो. २००४ मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की परजीवीच्या शेकडो प्रथिनांवर पाच अमिनो आम्लांचा एक खास संकेत असतो. त्याला पेक्सेल म्हणतात. परजीवीच्या आंतर्द्रव्यजालिकेत प्लाझमेप्सिन-पाच नावाचे विकर तो ठरल्या जागी कापते, आणि कापलेले टोक हाच पुढच्या प्रवासाचा परवाना होतो. पोकळीच्या पटलात पीटेक्स नावाचे यंत्र बसवलेले असते. २००९ मध्ये ते ओळखले गेले. ते प्रथिनाची घडी उलगडून, दोऱ्यासारखे करून पलीकडे ओढते. पलीकडे पेशीद्रवात परजीवीने पटलाच्या चपट्या थैल्या उभारलेल्या असतात. सुमात्रात काम करणाऱ्या गेओर्ग माउरर या जर्मन डॉक्टरने १९०२ मध्येच रंगवलेल्या काचपट्टीवर त्या ठिपक्यांसारख्या पाहिल्या होत्या, म्हणून त्यांना माउररच्या फटी म्हणतात. या थैल्या म्हणजे परक्या घरात उभारलेला नाका. तिथून पृष्ठभागापर्यंतचा रस्ता ॲक्टिनच्या तंतूंचा. आणि हे ॲक्टिन परजीवी यजमान पेशीच्याच सांगाड्यातून उपसतो. शेवटी पेशीच्या अंगावर गाठी उठतात, गाठींवर चिकट प्रथिन बसते, पेशी भिंतीला चिकटते. ती मेंदूच्या केशवाहिनीत चिकटली तर मूल बेशुद्ध होते. शिवाय त्या चिकट प्रथिनाचे सुमारे साठ पाठभेद परजीवीजवळ असतात आणि तो ते पाळीपाळीने बदलतो, म्हणजे शरीराने एक ओळखला तर दुसरा पुढे.

२०११ मध्ये हायडेलबर्गच्या आणि बुर्किना फासोच्या संशोधकांनी निराळे हिमोग्लोबिन असलेल्या तांबड्या पेशी गोठवून त्यांतला हा रस्ता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. साध्या पेशींत ॲक्टिनचे लांब तंतू फटींपासून पृष्ठभागापर्यंत गेलेले होते आणि त्यांना बुडबुडे लागलेले होते. निराळ्या हिमोग्लोबिनच्या पेशींत तंतू आखूड, विस्कळीत; फटींची रचना बिघडलेली. निराळे हिमोग्लोबिन अस्थिर असते, लवकर ऑक्सिडीकृत होते, आणि त्यातून निघणारी द्रव्ये ॲक्टिनचे तंतू जुळू देत नाहीत. रस्ता अर्धवट राहतो. चिकट प्रथिन पृष्ठभागावर कमी पोहोचते, पेशी नीट चिकटत नाही. हेच एकमेव कारण असे कुणी म्हणत नाही. लागण झालेली पेशी लवकर वाकून प्लीहेत गाळली जाते, कमी प्राणवायूत परजीवीची वाढ थांबते, अशीही कारणे दिली जातात. आणि वाहकाला हिवताप होतच नाही, असेही नाही. होतो; जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी असते.

आम्ही हे सारे त्या विद्यार्थिनीला दोन दुपारी सांगितले. रस्त्याचे बोलणे तिला पटकन पोहोचले. तिच्या पाड्याला डांबरी रस्ता ती सातवीत असताना आला, आणि रस्ता आला तेव्हा आधी कोण आत आले आणि नंतर कोण, हे तिला पक्के आठवत होते. ठेकेदाराचा ट्रक रुग्णवाहिकेच्या आधी आला होता. तिने विचारले, "म्हणजे माझ्या रक्तात त्याला रस्ता नीट बांधता येत नाही?" आम्ही होय म्हटले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की तिच्या आजीची दोन मुले तापात गेली आणि तिचा बाप राहिला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. बाप वाहक आहे की आई, हेही तिच्या घरी तपासलेले नव्हते. पण ते वाक्य ऐकल्यावर आम्हांला पाठभेदावर आणखी बोलावेसे वाटले नाही.

मुलाची तपासणी झाली. तिनेच हट्ट धरला आणि तोही तयार झाला, हे त्याच्याकडून चांगले झाले. त्याच्या दोन्ही प्रती निर्दोष निघाल्या. लग्न मार्गशीर्षात झाले. सासूचा संशय पुरता गेला असे ती म्हणत नाही.

यानंतर महाविद्यालयासाठी एक चारपानी पत्रक लिहायचे ठरले. मजकूर आम्ही लिहायचा, विज्ञानाच्या अध्यापकांनी तपासायचा आणि तिने पाड्यावर वाचून दाखवायचा. 'वाहक' या शब्दाला पर्याय आम्ही पुष्कळ दिवस शोधला. 'धारक' घेतला तर शिधापत्रिका आठवते. 'एकप्रती' हा आमचाच शोध, तो कुणालाच कळला नाही. शेवटी शब्द तोच ठेवला आणि पहिल्याच ओळीत लिहिले, की हा एसटीतला वाहक नव्हे आणि हा आजारीही नव्हे. ती ओळ तिची.

वाद झाला तो तिसऱ्या पानावर. तिथे आम्ही लिहिले होते, की ही निराळी प्रत तुमच्या पूर्वजांना हिवतापातून वाचवत आली, आणि ते कसे, तेही दहा ओळींत सांगितले होते. आमच्या मते पत्रकाचा गाभा तोच होता. 'रक्त खराब' या शब्दांना त्याच्याइतके चोख उत्तर नाही. तिने त्या दहा ओळींवर आडवी रेघ मारली. तिचे म्हणणे असे, की पाड्यावर हे वाचले तर लोक म्हणतील, मग चांगलेच आहे की; तपासणी कशाला? आणि दोन वाहकांची लग्ने तशीच होत राहतील. आम्ही म्हटले, सत्य झाकून ठेवणे बरे नव्हे. ती म्हणाली, "झाकत नाही सर. आधी तपासणी होऊ दे, मग मी तोंडाने सांगेन."

विज्ञानाचे अध्यापक तिच्या बाजूने गेले. पत्रक त्या दहा ओळींवाचून छापले गेले, आणि त्या जागी तपासणीचे वार आणि ठिकाण आले.